सँडो : मापाची फीत आणि मागे पडलेला स्नायू

मराठी घरांत बिनबाह्यांच्या बनियनला सर्रास सँडो म्हटले जाते. दोरीवर वाळत घातलेला सँडो, प्रवासाच्या पिशवीत कोंबलेला सँडो, दुकानात छातीचे माप सांगून मागितलेला सँडो. हे मुळात एका हाडामांसाच्या माणसाचे नाव आहे, हे मात्र अनेकांच्या गावीही नसते. युजेन सँडो या नावाने युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान गाजवणारा हा पहिलवान १४ ऑक्टोबर १९२५ रोजी लंडनमध्ये वारला. आधुनिक शरीरसौष्ठवाचा जनक म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

त्याच्या काळात त्याच्या तोडीचे आणि त्याच्याहून अधिक वजन उचलणारे पहिलवान होते. त्यांतल्या काहींनी त्याला हरवलेही. तरीही नाव उरले ते सँडोचेच. याचे कारण शोधू गेल्यास ते वजनांपेक्षा मापाच्या फितीत सापडते. आज कोणत्याही व्यायामशाळेत प्रशिक्षक नव्या मुलाला न्याहाळतो आणि दंड पुढे गेले पण पोटऱ्या मागे राहिल्या, छाती भरली पण पाठ कोरडीच, असा निवाडा देतो. शरीराकडे असे भागाभागाने पाहावे, ते मोजावे, आणि जो भाग मागे पडला असेल त्याच्यावर आधी मेहनत घ्यावी, ही दृष्टी सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोचवली ती सँडोने. ती त्याला कोठून मिळाली, त्याने तिचा व्यापार कसा मांडला आणि त्यात खरे किती होते, ही त्याच्या आयुष्यातील सर्वांत रंजक कहाणी आहे.

सँडोचा जन्म २ एप्रिल १८६७ रोजी प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे झाला. हे शहर आता कालिनिनग्राड या नावाने रशियात आहे. त्याचे मूळ नाव फ्रीडरिश विल्हेल्म म्युलर. आपण लहानपणी अशक्त होतो, वडिलांबरोबर इटलीला गेलो असता प्राचीन पुतळ्यांची शरीरे पाहिली आणि तसे शरीर कमावण्याचा निश्चय केला, असे त्याने पुढे आपल्या पुस्तकांत लिहिले. त्याच्या चरित्रकारांनी या कथेवर फारसा विश्वास ठेवलेला नाही. परंतु कथा उपयोगाची होती. कारकुनी करणाऱ्या किरकोळ अंगाच्या वाचकाला तीत आपले प्रतिबिंब दिसे, आणि पुतळ्याचे शरीर हे आपल्यालाही गाठता येण्याजोगे ठिकाण वाटू लागे.

सक्तीची लष्करी नोकरी टाळण्यासाठी त्याने तरुणपणीच देश सोडला, काही काळ सर्कशीत काढला आणि फिरत फिरत तो ब्रुसेल्सला पोचला. तेथे त्याला गुरू भेटला. लुई आतिला या नावाने रंगमंचावर वावरणारा लुडविग डुर्लाखर हा त्या काळचा जाणता उस्ताद होता. पाच पौंडांच्या, म्हणजे सव्वादोन किलोच्या डंबेल्सनी अंग मोकळे व घडीव करावे आणि जोडीला जड वजनांची मेहनत करून ताकद कमवावी, अशी त्याची दुहेरी शिकवण होती. सँडोचे शरीर या दोन्हींनी घडले. पुढे त्याने जगाला यातील केवळ अर्धाच भाग विकला, हे येथेच ध्यानात घेतलेले बरे.

२ नोव्हेंबर १८८९ रोजी लंडनच्या रॉयल ॲक्वेरियममध्ये त्याने सॅम्पसन नावाच्या मल्लाला जाहीर आव्हानात हरवले आणि एका रात्रीत तो शहराचा लाडका झाला. पुढच्याच वर्षी मॅककॅन बंधूंपैकी हर्क्युलिस मॅककॅन याच्याशी झालेल्या लढतीत मात्र निकाल त्याच्या विरुद्ध गेला. पंचांमध्ये मुष्टियुद्धाच्या नियमांमुळे प्रसिद्ध असलेले क्वीन्सबरीचे मार्क्विस होते. केवळ वजन उचलण्याच्या हिशेबात आपण अजिंक्य नाही, हे सँडोला बहुधा तेव्हाच उमगले असावे.

त्या काळच्या उचलीही आजच्यासारख्या नव्हत्या. सँडोची हुकमी उचल बेंट प्रेस. वजन एका हाताने खांद्याशी आणायचे, मग हात वर रेटण्याऐवजी शरीरच कमरेतून तिरके वाकवत वजनाखाली न्यायचे, हात सरळ झाला की उभे राहायचे. या पद्धतीने त्याने उजव्या हाताने सुमारे १२२ किलो वजन पेलल्याची नोंद सांगितली जाते. ही एका अंगाची उचल आहे. ती वर्षानुवर्षे एकाच हाताने करणाऱ्या माणसाची एक बाजू वरचढ व्हायची आणि दुसरी मागे पडायची, हे ओघानेच आले. वजन उचलणारा माणूस आणि घडीव शरीराचा माणूस यांत फरक पडतो तो असा. पहिल्याला वजन वर गेले की पुरे. ते कोणत्या स्नायूने नेले याची त्याला फिकीर नसते, आणि शरीर तर नेहमीच बलवान भागाकडून काम उरकून घेते. दुबळा भाग त्यामुळे दुबळाच राहतो.

१८९३ मध्ये सँडो अमेरिकेला गेला. शिकागोत त्या वर्षी विश्वप्रदर्शन भरले होते, आणि फ्लोरेन्झ झिगफेल्ड या तरुण व्यवस्थापकाने त्याला तेथील ट्रोकाडेरो रंगमंचावर उभे केले. सँडोने किती वजन उचलले यापेक्षा प्रेक्षक त्याच्याकडे टक लावून पाहतात, हे झिगफेल्डच्या चाणाक्ष नजरेने टिपले. वजने उचलणे मागे पडले आणि प्रकाशझोतात उभे राहून एकेक स्नायू फुगवून दाखवणे हाच मुख्य कार्यक्रम झाला. ६ मार्च १८९४ रोजी थॉमस एडिसनच्या न्यू जर्सीतील चित्रीकरणगृहात सँडोवर एक छोटासा चित्रपट घेण्यात आला. चलच्चित्राच्या अगदी आरंभीच्या काळातील हा तुकडा आजही पाहायला मिळतो. त्यात वजन कोठेच नाही. आहे तो केवळ माणूस आणि त्याचे स्नायू.

याच अमेरिका दौऱ्यात त्याची गाठ डॉ. डडली सार्जंट यांच्याशी पडली, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ही भेट सर्वांत मोलाची. सार्जंट १८७९ पासून हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यायामशाळेचे प्रमुख होते. येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची ते नखशिखांत मापे घेत. मान, छाती, दंड, मनगट, मांडी, पोटरी आणि अशी कितीतरी. हजारो मापांच्या आधारे त्यांनी एक तक्ता तयार केला होता. विद्यार्थ्याचे प्रत्येक माप त्यावर टिंबाने दाखवत आणि टिंबे रेषेने जोडत. सर्व अवयव सारख्या प्रमाणात वाढलेले असतील तर रेषा सरळ. नसतील तर नागमोडी. जेथे रेषा खाली घसरली तेथे दुबळा भाग! मग त्याच भागाला काम देणारी कप्पी-दोऱ्यांची यंत्रे त्या विद्यार्थ्याला नेमून दिली जात. अशी कित्येक यंत्रे सार्जंट यांनी स्वतः बनवली होती. नौकानयन करणाऱ्याची पाठ तयार पण छाती मागे, अभ्यासू मुलाचा उजवा हात डाव्यापेक्षा जाड, असले दोष त्या रेषेवर लपत नसत. मागे पडलेल्या स्नायूसाठी वेगळा व्यायाम आखण्याच्या पद्धतीचा इतका शिस्तशीर आरंभ त्याआधी क्वचितच झाला असेल.

सार्जंट यांनी सँडोला मोजले, तपासले आणि त्याच्या शरीराच्या प्रमाणबद्धतेची जाहीर वाखाणणी केली. साधारण पावणेसहा फूट उंचीच्या सँडोला हे प्रशस्तिपत्र आयुष्यभर पुरले. सार्जंट यांचा तक्ता विद्यापीठाच्या चार भिंतींत होता. तो टपालाने घरोघर नेण्याचे काम सँडोने केले.

इंग्लंडला परतल्यावर त्याने १८९७ मध्ये शक्ती कशी कमवावी यावरील आपले गाजलेले पुस्तक काढले, लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर व्यायामसंस्था उघडली आणि १८९८ मध्ये मासिक सुरू केले. पुस्तकात डंबेल्सचे व्यायाम क्रमाने दिले होते. कोणत्या वयाच्या माणसाने कोणता व्यायाम किती वेळा करावा आणि दर काही दिवसांनी आकडा कसा वाढवावा याचे कोष्टक होते. आणि स्वतःची मापे नोंदवण्यासाठी जागा होती. आरशासमोर उभे राहा, जो स्नायू काम करत आहे त्याच्यावरच चित्त एकाग्र करा, असा त्याचा आग्रह असे. टपालाने शिकणारे आपली मापे लिहून पाठवत आणि त्यांना पुढचा व्यायाम आखून मिळे. पुढे त्याने मुठीत दाबायच्या स्प्रिंगांचे डंबेल बाजारात आणले. मूठ सैल पडली की दोन भाग दूर होत. त्यामुळे डंबेल हलवताना लक्ष दुसरीकडे गेले, हे हाताला लगेच कळे. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हेही सँडोच्या शिष्यांपैकी एक होते.

या पद्धतीत खोट कोठे होती, तेही सांगितले पाहिजे. पाच पौंडांच्या डंबेल्सनी सँडोसारखे शरीर होते असा जो समज त्याच्या जाहिरातींतून पसरला, तो दिशाभूल करणारा होता. ते शरीर आतिलाच्या जड वजनांवर वर्षानुवर्षे घासलेले होते, आणि जन्मजात देणगी वेगळीच. हलक्या वजनाने स्नायू वाढतच नाही असे नाही. स्नायू पार थकेपर्यंत काम केले तर हलके वजनही उपयोगी पडते, असे आजचे संशोधन सांगते. पण वजन काही महिन्यांत अंगवळणी पडते आणि मग नुसते हात हलवणे उरते. विक्रेत्याला सोपी वस्तू विकायची असते, आणि सँडो हा पहिल्या प्रतीचा विक्रेता होता. त्याच्या नावाचा कोको आला, रबराची उपकरणे आली. त्यांच्या गर्दीत खरी कामाची गोष्ट, म्हणजे मापाचा तक्ता, अनेकांनी कोराच ठेवला असेल.

चित्त एकाग्र करण्याचा त्याचा आग्रह मात्र नुसता बोलबाला नव्हता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नवशिक्या तरुणांना आठ आठवडे व्यायाम देण्यात आला. एका गटाने काम करणाऱ्या स्नायूवर लक्ष द्यायचे, दुसऱ्याने केवळ वजन वर नेण्यावर. पहिल्या गटाचे दंडाच्या पुढील भागातील स्नायू सरासरी १२ टक्क्यांहून थोडे अधिक जाड झाले, दुसऱ्याचे सुमारे ७ टक्के. मांडीच्या बाबतीत असा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे आरशासमोरच्या एकाग्रतेला आधार आहे, पण सर्व स्नायूंना सारखा नाही. सँडोने असा भेद केला नव्हता. तो करण्याची साधनेही तेव्हा नव्हती.

सँडोच्या विचाराची खरी परीक्षा झाली १४ सप्टेंबर १९०१ रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. १८९८ मध्ये त्याने आपल्या मासिकातून या स्पर्धेची घोषणा केली होती. निरनिराळ्या परगण्यांत प्राथमिक फेऱ्या घेण्यात तीन वर्षे गेली. अंतिम फेरीस सुमारे साठ स्पर्धक उतरले. काळे तंग कपडे, कमरेला पट्टा आणि अंगावर बिबट्याचे कातडे असा त्यांचा वेष होता. सभागृह खच्चून भरले होते. उत्पन्न दक्षिण आफ्रिकेतील युद्धाच्या मदतनिधीला जायचे होते. परीक्षक म्हणून शिल्पकार व खेळाडू सर चार्ल्स लॉज आणि कॉनन डॉयल बसले, तर अंतिम शब्द सँडोचा.

निकष आधीच जाहीर झालेले होते. सर्वांगाची वाढ, वाढीतील समतोल, स्नायूंचा कस, एकूण आरोग्य आणि त्वचेची स्थिती. सर्वांत मोठे स्नायू असलेल्याला बक्षीस मिळणार नाही, हे सँडोने स्पष्ट केले होते. एखाद्याचे दंड कितीही भरदार असोत, पाय मागे असतील तर तो मागेच! आजच्या शरीरसौष्ठव स्पर्धांत प्रमाणबद्धतेला गुण असतात, त्यांची ही मुळे. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे पहिला आला आणि सँडोचा सोनेरी पुतळा त्याला मिळाला. स्पर्धेत उतरलेल्या अनेकांना आपला कोणता भाग कमी पडला हे त्या रात्री परीक्षकांच्या नजरेतून प्रथमच कळले असेल. तोवर घरच्या आरशाने ते सांगितले नसणार. आरसा समोरचेच दाखवतो. पाठ, मांडीचा मागचा भाग आणि पोटरी यांची उपेक्षा तेव्हाही होत असावी आणि आजही होते. कोणत्याही व्यायामशाळेत संध्याकाळी डोकावून पाहा, छातीच्या बाकाभोवती रांग असते आणि पायांचे यंत्र रिकामे.

त्याच वर्षी लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाने सँडोच्या शरीराचा प्लास्टरचा साचा घेतला. युरोपीय माणसाचा आदर्श नमुना म्हणून तो मांडायचा, अशी कल्पना होती. लवकरच तो प्रदर्शनातून हलवला गेला. मापाची फीत दुबळा स्नायू दाखवण्यासाठी हाती घेतली, तीच पुढे एका वंशाची बढाई मोजण्यासाठी वापरली जाते, ही त्या साम्राज्यवादी काळाची रीत. सँडोने तिला विरोध केल्याचे दिसत नाही.

हिंदुस्थानात तो १९०४-०५ मध्ये आला. मुंबई, कोलकाता आणि इतरत्र त्याचे खेळ झाले. पण त्याची पुस्तके आणि उपकरणे त्याच्या आधीच येथे पोचली होती. साताऱ्याजवळील औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ मध्येच सँडोची उपकरणे व पुस्तके मागवली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. त्यानंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि पुढे सूर्यनमस्काराचे देशातील सर्वांत मोठे प्रचारक झाले. हा बदल विचार करण्याजोगा आहे. सँडोचा तक्ता प्रत्येक स्नायूला वेगळा विचारतो. सूर्यनमस्कार सर्वांगाला एकदम हलवतो, कोणता स्नायू मागे आहे याची चौकशी करत नाही. आपल्या तालमींतील जोर-बैठकांचाही रोख तोच. दोन्ही दृष्टींना आपापले स्थान आहे, पण दहा वर्षे एक पद्धत निष्ठेने करून मग दुसरी निवडणारा भवानरावांसारखा साधक विरळाच. इकडे दक्षिणेत कोडी राममूर्ती नायडू यांना लोक हिंदी सँडो म्हणू लागले. जे नाव युरोपीय श्रेष्ठत्वाची खूण म्हणून मिरवले गेले, ते असे एका तेलुगू मल्लाच्या नावापुढे येऊन बसले.

मागे पडलेल्या स्नायूबद्दल आज जे सांगितले जाते, त्यात सँडो आणि सार्जंट यांची छाप दिसते, काही दुरुस्त्यांसह. दुबळ्या भागाचा व्यायाम अंग ताजे असताना, आरंभीच करावा. ज्या हालचालीने सत्र सुरू होते तिची ताकद अधिक वाढते. त्या भागाला आठवड्यात काही फेऱ्या जास्त द्याव्यात आणि त्या एकाच दिवशी न कोंबता दोन-तीन दिवसांत वाटाव्यात. एक हात किंवा एक पाय मागे असेल तर प्रत्येक बाजूने वेगळे वजन घ्यावे, दुबळ्या बाजूने सुरुवात करावी, आणि ती जितक्या वेळा उचलेल तितक्यावरच दुसरीला थांबवावे. येथे एक गंमत आहे. एका हाताला शिकवले तर व्यायाम न केलेल्या दुसऱ्या हाताचीही ताकद काही प्रमाणात वाढते, असे येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांच्या प्रयोगशाळेत १८९४ मध्येच दिसून आले होते. सँडो एडिसनच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, तेच हे वर्ष.

आणि एक दुरुस्ती अशी, की जी सँडोच्या जाहिरातींत कधी आली नसती. काही स्नायू मेहनतीच्या कमतरतेने मागे राहत नाहीत. पोटरीचा स्नायू जन्मतःच आखूड आणि खालचा कंडरा लांब असेल, तर ती पोटरी ठरावीक मर्यादेपलीकडे भरत नाही. स्नायू हाडाला कोठे चिकटला आहे हे डंबेल बदलू शकत नाही. फितीने दुबळा भाग दाखवला, तरी तो किती वाढेल हे फीत सांगत नाही.

सँडो १९०६ मध्ये ब्रिटिश नागरिक झाला. १९११ मध्ये राजे पंचम जॉर्ज यांचा शारीरिक शिक्षणाचा प्राध्यापक ही पदवी त्याला मिळाली. महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन मुळाच्या माणसाकडे लोक संशयाने पाहू लागले. कोकोचा धंदा बुडाला. रस्त्याकडेच्या चरात गेलेली मोटार एकट्याने उचलण्याच्या प्रयत्नात त्याच्या शरीराने हार खाल्ली आणि त्यातून तो सावरला नाही, अशी हकिकत त्याच्या मृत्यूनंतर पसरली. ती खरी असो वा नसो, ५८ व्या वर्षी तो गेला. पत्नी ब्लांशने त्याला पटनी व्हेल येथील दफनभूमीत पुरले, पण कबरीवर नाव कोरू दिले नाही. जिवंतपणी ज्याच्या अंगाचा इंचन्‌इंच छापून आला, त्याच्या कबरीचा ठावठिकाणा दशकानुदशके कोणाला सहज सापडत नव्हता. २००२ मध्ये एका चाहत्याने तेथे खूण बसवली. २००८ मध्ये त्याच्या वंशजाने तिच्या जागी मोठी शिळा उभी केली. तिच्यावर त्याचे नाव आहे. दरम्यान १९७७ पासून मिस्टर ऑलिम्पियाच्या विजेत्याला दिल्या जाणाऱ्या पुतळ्यात हातात गोळ्यांचा बारबेल घेऊन तो उभा आहे, दोन्ही बाजूंनी सारखा.